एकच कळ

डॉन एलेउतेरिओ बारिएन्तोस, पियानो लावणारा,
वय एकाहत्तर, मुक्काम वालपराइसो, बारोन टेकडी,
माझ्यापुढे वही उघडून बसला.
वेबसाइटच्या पहिल्या पानावर काय काय हवं ते वाचू लागला:
आजोबांचा फोटो, घोड्यासकट.
नगरपालिकेचं पदक, दोन्ही बाजूंनी.
आजचं हवामान.
पियानोच्या इतिहासाचे अकरा परिच्छेद.
आणि पान उघडताच आपोआप सुरू होणारा वॉल्ट्झ.

मी म्हटलं, लोक आठ सेकंदही थांबत नाहीत.
तो म्हणाला, मग ते माझे लोक नाहीत.

वाद नको म्हणून एक दिवस त्याच्यासोबत कामाला गेले.
एकशे चौसष्ट पायऱ्या, हत्यारांची पेटी,
खाली बंदरात धुक्यातून मान काढणाऱ्या क्रेन.
समुद्राचं मीठ तारांत शिरतं, तो सांगत होता,
या गावात पियानो माणसांच्या आधी म्हातारे होतात.

सेन्योरा ओतिलियाच्या दिवाणखान्यात
पियानोच्या पट्टीला बोट लावण्याआधी
त्याने झाकणावरचं सगळं उतरवलं:
चांदीच्या चौकटी, क्रोशाचा रुमाल,
कापडी गुलाब, बंद पडलेलं घड्याळ.
एकेक वस्तू दोन्ही हातांनी,
झोपलेलं मूल उचलावं तशी.
मग विचारलं, ‘कोणता सूर टोचतो?’
पदकाबद्दल अवाक्षर नाही.
ती उभ्या उभ्याच म्हणाली, ‘डावीकडचा फा.
नात तिथवर आली की थांबते
आणि माझ्याकडे बघते.’

उतरताना मी गप्प. तोही.
अर्ध्या जिन्यात म्हणाला,
‘वॉल्ट्झ काढून टाक.’

त्या रात्री मी झाकण मोकळं केलं.
वर त्याचाच प्रश्न, ठळक:
तुमच्या पियानोतला कोणता सूर टोचतो?
खाली त्याचे हात. चेहरा नाही.
तार ओढणारे, करंगळीला चिकटपट्टी.
मग ओतिलियाचे शब्द, काना-मात्रा न बदलता:
‘वेळेवर आला. सांगितले तेवढेच पैसे घेतले.
मांजर त्याच्या कोटावर झोपलं.’
जाहिरातीतला माझा भाऊ म्हणाला, मांजर काढ.
मांजर ठेवलं.
किंमत उघड्यावर लिहिली.
पदक तळाशी, नखाएवढं.
घोडा मात्र गेला; त्यावर डॉन दोन दिवस बोलला नाही.
आणि एकच कळ.
तिच्यावर ‘पाठवा’ नाही, ‘सादर करा’ तर नाहीच नाही.
‘एलेउतेरिओला बोलवा.’
अंगठा आपसूक टेकतो त्या जागी.

आईचा तडकलेल्या काचेचा फोन घेऊन
टेकडीच्या मागच्या अंगाला गेले,
जिथे सिग्नलचा एक दांडा कसाबसा तग धरतो.
मोजलं: दोन सेकंद.
खोकल्याची उबळसुद्धा पुरी होत नाही तेवढ्यात.

जिथे कळ उठते तिथेच कळ हवी,
मधे काही नको.
मला वाटलं, एवढं कळलं की झालं.

पहिल्या आठवड्यात पाच जणांनी बोलावलं.
सहावा निरोप रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी:
‘माझ्याकडे पियानो नाही.
मार्चमध्ये विकला, औषधांसाठी.
पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.
मधला ला. किंचित उतरलेला असायचा.
तोच वाजवून नवरा मला जेवायला हाक मारायचा.’

मी डॉनला म्हटलं, असे चुकून येतात,
आम्ही मोजणीत धरत नाही.
त्याने पत्ता लिहून घेतला.
पेटी घेतली नाही.
कोटाच्या खिशात फक्त ट्यूनिंग फोर्क टाकला,
जो ला देतो, दुसरं काहीच देत नाही,
आणि पायऱ्या चढू लागला.

संध्याकाळी विचारलं, काय झालं?
‘चहा झाला,’ म्हणाला.
त्याच्या वहीत त्या तारखेपुढे रक्कम नाही.
मीही पानावर काही बदललं नाही.
मोजणीत तेवढे पाचाचे सहा केले.