मुद्दल

लेणं क्रमांक दहाच्या ओसरीत
सुकदेव गांगुर्डे भरदुपारी बॅटरी लावतो.
अक्षरांना बाजूनं उजेड लागतो, म्हणतो,
समोरून पडला की ती गप्प बसतात.

तुम्हाला वाचता येतं हे?
नाही. पण हे अधिकचं चिन्ह आहे ना, तो क.
ही भाकरी म्हणजे ठ.
छपरासारखा दिसतो तो ग.
एवढ्यावर एकवीस वर्षं नोकरी झाली.
एक पोरगा आला होता ठसे घ्यायला,
भिंतीला ओला कागद लावून
ब्रशनं थोपटत बसला, झोपत नसलेल्या बाळासारखा.
त्यानं शिकवलं.
कागद तो घेऊन गेला, शाई माझ्या बोटांना.

मजकूर मात्र त्याला पाठ:
शकांच्या घरचा कुणी जावई.
गोवर्धनच्या कोष्ट्यांकडे त्याची तीन हजाराची ठेव.
दोन हजार एका श्रेणीत, शेकडा एक,
हजार दुसरीत, शेकडा पाऊण.
व्याजातून भिक्खूंना चिवर.
मुद्दल परत मागायचं नाही.
कधीच.

मला हसू आलं. तो म्हणाला, काय झालं?

येवल्याच्या पतसंस्थेत मी तेरा वर्षं कॅशियर होते.
शटर पडलं त्या दिवशी गोदूबाई भांडगे
पावती पदरात बांधून बाकावर बसली,
दिवे लागले तरी उठली नाही.
मागावरच्या बोटांना बसायची सवय असते.
व्याज राहू दे गं, एवढंच म्हणाली.

हे मी त्याला सांगितलं नाही.
त्याला अंजनेरीच्या संग्रहालयातलं सांगितलं:
काचेखाली चांदीची नाणी, एका राजाचा चेहरा,
त्यावर जिंकणाऱ्यानं हाणलेला आपला ठसा.
काहींवर जुना कान तेवढा उरलाय.
वजन तेच.

आणि नारळ बघा, सुकदेव म्हणाला.
चिखलपद्र गावची आठ हजार नारळाची रोपं,
तीही दान.
समुद्राकडचं गाव असणार, नाहीतर एवढे नारळ!
समुद्र त्यानं एकदाच पाहिलाय,
धाकटीच्या ऑपरेशनला मुंबईला गेला तेव्हा.
शहाळं साठ रुपये म्हणाला, नाही घेतलं.

शेवटी लिहिलंय, हे सगळं सभेत वाचून दाखवलं,
फळ्यावर नोंदवलं.
म्हणजे ऐकणारी माणसं होती, तो म्हणतो,
उद्या कुणी नाही म्हणायला नको.

माझ्या पर्समध्ये एक झेरॉक्स असते.
घडीवरची अक्षरं उडालीत.
का कोण जाणे, ती मी काढली,
त्याच्या बॅटरीपुढे तिरकी धरली.
नाव दिसलं. रक्कम दिसली. मुदत दिसली.

खालून बंद व्हायची शिट्टी झाली.
पायऱ्यांवरची पोरं आरडत उतरू लागली.
सुकदेव वाकून बघत होता, बोट फिरवत,
दगडावर फिरवतो तसंच.

आणि ही खाली सही कुणाची?

बॅटरी विझवा, मी म्हटलं.