दूध आलं तर

खोतीगावात तापाला सातविणीची साल.
सोयरू वेळीप कोयतीनं टोचा मारतो,
थांबतो.
दूध आलं, तर सातवीण.
नाही आलं, तर काजरा,
मग कोयती धुवायची, घरी यायचं.
जिभेला दोन्ही कडूच,
जिभेचं ऐकू नये.

ताप उतरतो. कुठे नोंदलेलं नाही,
पण पाहिलंय मी.

"आणि घाई असली तर?"
तो हसत नाही.
डाव्या हाताची बोटं दाखवतो, चार:
एवढीच वर्षं त्याचा भाऊ
लग्नानंतर जगला.
पहाटेचा अंधार, अंगात ताप,
स्वतःच गेला होता सालीला.

मी काणकोणच्या इस्पितळातली नर्स.
माझ्या गोळ्यांवर तारीख असते, मात्रा असते.
सोयरू चष्मा लावून सगळं वाचतो,
मग विचारतो,
"हिला टोचलं तर काय येतं?"