पाण्याचा पत्ता

तोल्कुननं नारिनहून येताना
जीपमधून सगळं आणलं होतं:
बर्फ मोजायची काठी, तीन नकाशे, पोरांसाठी सफरचंदं
आणि चोवीस स्लाइड्स.
अकराव्या स्लाइडवर हिमनदीखालचा ओढा
चाळीस सेकंद वाहणार होता.

वाहिला नाही.

काळा चौकोन. त्याच्याखाली त्रिकोणी बटण,
ते दाबलं की चौकोन
आणखी काळा झाल्यासारखा वाटायचा.

मी शाळेचा संगणक शिक्षक. म्हणजे
गावात काहीही अडलं की लोक आधी वायर हलवतात,
मग मला.
खिडक्यांवर उजेड अडवायला नमद्याचे शिर्दाक,
शेगडीत शेणी,
आणि पोरांच्या बाकांत गुडघे न मावणारी
चाळीसेक मोठी माणसं.
त्यांच्या डोळ्यांदेखत मी प्रोग्राम बंद केला,
पुन्हा उघडला.
आमच्या धंद्यात दुआ अशीच मागतात.

मग उलगडलं. स्लाइडमध्ये व्हिडिओ नव्हताच,
होता नुसता त्याचा पत्ता:
डी ड्राइव्ह, फोल्डर ‘जुलै’,
म्हणजे नारिनच्या ऑफिसातलं खिडकीजवळचं टेबल.
माझ्या मशीनला डी ड्राइव्हच नाही.
वऱ्हाडानं नवरी आणायची सोडून
तिच्या घराचा नंबर तेवढा आणावा, तसं.

तोल्कुनचे कान लाल. तिनं पर्स बाकावर उपडी केली.
किल्ल्यांच्या जुडग्यात पेन ड्राइव्ह निघाला,
त्यात मूळ फाइल. लावली.
आणि आवाज आला.

फक्त आवाज.
चित्र उलगडायची किल्ली, तो कोडेक,
माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपकडे नव्हता.
काळ्या चौकोनातून पाणी येत राहिलं.

मी थांबवायला हात नेला.
‘राहू दे,’ साइताली म्हणाला. ‘वरच्या वळणाचं आहे.’
‘कसलं वळण!’ कालिपा मागच्या बाकावरून.
‘दगड ऐक. घरंगळतायत.
हे बर्फाच्या तोंडचं पाणी, आणि दुपारचं.
सकाळी ते इतकं बोलत नाही.’
तोल्कुननं वही चाळली:
वीस जुलै, तीन वाजून दहा मिनिटं.
कालिपानं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही,
तिला पुरावा नको होता.
‘माझ्या लग्नाच्या वर्षी,’ ती म्हणाली,
‘याचा घसा मोठा होता.’

इकडे मी फाइल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये ओतत होतो.
चार टक्के. नऊ.
विजेनं डोळा मारला, पुन्हा चार.
तोवर तेच चाळीस सेकंद त्यांनी सहा वेळा ऐकले,
आणि सहाही वेळा भांडले.
कुणीतरी बोरसोकची परात फिरवली.
एक्केचाळीसवर ती माझ्यापर्यंत आली तेव्हा रिकामी होती.

शंभर.

चित्र आलं. करडं, दुधाळ पाणी,
बर्फाच्या काळपट जबड्यातून बाहेर पडणारं,
इतकं जिवंत की पुढच्या बाकावरचं पोर मागे सरकलं.
आणि आवाज गेला.
केबलनं तो प्रोजेक्टरकडे वळवला होता,
आणि आमच्या प्रोजेक्टरला तोंडच नाही.

खोलीत शेगडीची धग तेवढी ऐकू येत होती.
‘पाणी का बंद केलंस?’ कालिपानं विचारलं.

मला विचारलं. पण तोल्कुन उभी राहिली.
तेविसाव्या स्लाइडवर पाळ्यांचं वेळापत्रक होतं,
कुठल्या शेताला कुठल्या वारी किती तास.
कुणीतरी हसलं. मग कुणीच नाही.
मी मान खाली घालून सेटिंगमध्ये उतरत गेलो,
ध्वनी, आउटपुट, डिव्हाइस निवडा,
जणू आवाज तिथंच कुठंतरी अडला होता.

परवा तिचा फोन आला.
गावातली दुरुस्त केलेली फाइल तिनं ऑफिसात उघडली:
अकराव्या स्लाइडवर काळा चौकोन.
मी पत्ता तपासला. सी ड्राइव्ह, माझं नाव, डेस्कटॉप.
घाईत मीही जोडलंच होतं, आत घातलं नव्हतं.

‘तुझं पाणी माझ्याकडे राहिलंय,’ मी म्हणालो.
पलीकडे ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, ‘चित्र नको. आवाज तेवढा पाठव.’