जावळ

आठशे बारा किलोमीटर झालेत गाडीला.
टायरांवरचं जावळसुद्धा अजून उतरलं नाही,
रबराचे ते बारीक केस, कडेला,
अंगठ्याने दाबले तर वाकतात, पुन्हा उभे राहतात.

आणि मी तुर्भ्याला, जोजीच्या दुकानात,
विचारत्येय चारही बदलायला किती पडतील.

नवऱ्याला सांगितलेलं नाही.
तो म्हणाला असता, कंपनीत काय वेडी माणसं बसलीत?
तो प्रत्येक वेळी कंपनीच्या बाजूने असतो.
फ्रिज, गिझर, त्याची आई.

झालं ते एवढंच.
पाम बीचला, सकाळी सव्वासातला,
दुभाजकातल्या कण्हेरींना पाणी घालणारा टँकर
गळत गळत पुढे गेला होता.
कुत्रं आलं. मी ब्रेक मारला.
गाडी थांबली, पण मी सांगितलं तेव्हा नाही,
तिला वाटलं तेव्हा.
मधल्या त्या दीड हातात
मी कुणाचीच नव्हते.
कुत्रं एकदा वळून बघून निघून गेलं.

जोजी म्हणतो, एकशे पासष्टचा आहे हा, मॅडम,
सायकलला शोभेल.
एकशे पंचाहत्तर टाका, रिम तीच राहील.
कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवतो. आकडा बघून
मी उगाच बाकावरची धूळ पुसते.
आणि एक, चाक थोडं मोठं होणार,
काटा ऐंशी दाखवेल तेव्हा गाडी ब्याऐंशीला असेल.

हे मला आवडतं.
कोपरखैरणे ते उलवे, जाऊन-येऊन चाळीस,
मीटरवर एकोणचाळीसच भरतील.
रोजचा एक किलोमीटर कुणाच्याच खात्यात नाही.
बावीस वर्षं मी दुसऱ्यांची खाती जुळवत्येय.

उतरवलेल्यांना गिऱ्हाईक तयारच आहे,
दिवाळ्याचा हरेश मढवी, टूरची गाडी,
स्टुलावर बसून चहात खारी बुडवतोय.
कोरे टायर, निम्मा भाव.
बारीक टायर अ‍ॅव्हरेज देतो, म्हणतो.
मी त्याला कुत्र्याचं सांगते. सांगायलाच हवं.
माझ्याखाली जे घसरलं ते आता त्याच्याखाली जाणार,
मागे विमानतळाची माणसं, त्यांच्या बॅगा.
हरेश हसतो.
ताय, गारी टायर नाय थांबवीत, पाय थांबवतंय.

टायरच्या अंगावर चार आकडे ठोकलेले असतात,
कितवा आठवडा, कुठलं साल.
माझे अडतिसाव्यातले.
त्या आठवड्यात कुठेतरी हे रबर साच्यात शिजत होतं
आणि मी वाशीच्या बँकेत
कर्जाच्या एकोणतीस पानांवर सह्या करत होते.

जॅक लागतो. कामाला असलेला इस्राफिल
नट सैल करण्याआधी सवयीने हवा बघतो.
परत बघतो. मग दुसरं चाक. तिसरं.
बेचाळीस, उस्ताद. सगळ्यांत बेचाळीस.

दुकानात नुसता हरेशच्या भुरक्यांचा आवाज.

तेहतीस पाहिजे, जोजी म्हणतो, सावकाश,
कॅल्क्युलेटर खिशात टाकत.
गाड्या यार्डात उभ्या असतात ना, तेव्हा जास्त भरतात.
शोरूमवाले काढायला विसरले.
फुगलेला टायर मधल्या पट्टीवरच टेकतो, मॅडम.
जमीन पुरी धरतच नाही.

हे त्याने सांगायला नको होतं.
चोवीस हजारांचं गिऱ्हाईक होते मी.

इस्राफिल वॉल्व्हची पिन दाबून धरतो,
एकेका चाकातून नऊ नऊ सोडतो.
केवढा वेळ लागतो नऊ जायला.
शोरूमची हवा, नारळ फोडल्या दिवसाची,
सगळ्यांनी फोटो काढले तेव्हाची,
तुर्भ्याच्या धुळीत.

हरेश मांडीवरचा चुरा झटकून उठतो.
बदलशाल तवा फोन करा, म्हणतो. नंबर घेतला.
जोजीला वीस दिले, त्याने दहा परत केले.
चाळीस हजार होऊ द्या, मग बोलू.

बदलावेत की नाही, मला अजून कळलेलं नाही.
हवा उतरली, पण एकशे पासष्ट ते एकशे पासष्टच आहेत,
आणि तो एक बेहिशेबी किलोमीटर
मनातून जात नाहीये.

उद्या सव्वासातला टँकर असेलच.
आरशात मागे कुणी नाही असं बघून
त्याच कण्हेरींपाशी, ओल्यावर,
कुत्र्याशिवाय एकदा ब्रेक मारून बघणार आहे.