अकरावा रकाना

ऑडिटच्या वहीत कोरी पानं उरली होती,
त्यावर रकाने आखले दहा.
सांगाडा. शॉकअप किती मिलीमीटर दबतो.
चाक साडेसत्तावीस की एकोणतीस.
ब्रेक तारेचा की तेलाचा.
मागच्या चकतीला दाते किती. वजन. किंमत.
सव्वीस वर्षं फौंड्रीत लोकांचा माल पास-नापास केला,
आता एकदा स्वतःसाठी.

शाहूपुरीत दुकानात गेलो
तर पोरगा टोपलीवाली काढून पुढ्यात उभा.
"काकी, ह्यात भाजी बसती."
"भाजी चालत जाऊन आणतो रे मी.
मला मसाईच्या पठारावर जायचंय."
त्यानं आधी माझ्या चपलांकडं बघितलं.
मग वाघबिळाचा चढ आठवला असंल त्याला,
गप टोपलीवाली मागं सारली.

उंची नाही, टांग मोजायची असती, हे तिथं कळलं.
घरी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभारलो,
मांड्यांत रेणूचं अकाउंटन्सीचं पुस्तक, कणा वर,
आणि रेणू पेन्सिल घेऊन खाली बसलेली,
हसून हसून खूण वाकडी.
"आई, हलू नको की!"
चौऱ्याहत्तर सेंटीमीटर.
ह्याच चौकटीवर तिला उभी धरून मोजायचो मी.
तिच्या पहिल्या वाढदिवसाची रेघ
नेमकी तिथंच निघाली.
दोघीही जरा गप झालो.

भाऊजी म्हणाले, ह्यात थोडे घातले की जुनी स्कूटर येती.
कारखान्यात मगर म्हणाला, "ॲल्युमिनियम?
बाई, आपण बिडाची माणसं!"
आणि ती निळी, सगळ्यांत चकचकीत,
हँडलखालच्या वेल्डिंगवर बोट फिरवलं तर
टाचणीएवढं भोक.
नापास, लिहिलं.
मालक म्हणाला, मॅडम, ते नुसतं रंगाचं हाय.
असंल.
सव्वीस वर्षं सगळे हेच सांगत आलेत.

मग उद्यमनगरातनं दस्तगीर मिस्त्रीचा फोन,
बावड्यात एक पोरगं विकाय काढतंय, बघून घे.
प्रणित मगदूम. हैदराबादला नोकरी लागलेली.
सायकल अंगणात, चिंचेला टेकवून.
एक दाता वाकलेला. सीट फाटकी.
खालच्या दांडीला वीतभर खरवड,
रंग जाऊन धातू उघडा,
आणि खाचेत अजून तांबूस भुकटी.
जांभ्याची.

"कुठं पडलास?"
"मसाईच्या देवळाच्या पुढं. घसरलो.
दोन तास तिथंच बसलो, मावशी."
"लागलं होतं?"
"नाही. वारं लय होतं."
एवढंच बोलला, आणि चेन पुसत राहिला,
विकायच्या मालाची कोण पुसतं एवढी.

खरवडीवर नख फिरवलं. अर्धा मिलीमीटर खोल.
वही पिशवीतच राहिली.
घासाघीस मात्र केली, का सोडायची,
साडेनऊ म्हणाला, साडेआठवर आणला,
वर पंप घेतला.

रात्री अकरावा रकाना आखला.
मथळा काय द्यायचा ते सुचलं नाही,
तसाच ठेवला.

पहिल्या रविवारी केर्लीपर्यंतच दम पुरला.
रस्त्याकडेला उसाचा रस प्यालो, दोन ग्लास,
मांड्या थरथरत होत्या, ओठावर मीठ.
समोर पन्हाळा, त्याच्यामागं कुठंतरी ते पठार.
रसवाल्यानं सायकल खालीवर न्याहाळली.
"नवीन घेतली?"
"व्हय," म्हणालो.