घुबडवाला की जहाजवाला

हे भांडण आमचं तीन मंडया जुनं.
खेळांची खरी नावं लांब, इंग्रजी, जिभेला टोचणारी.
घुबडवाल्यात एक आंधळं घुबड वाट दाखवतं,
जहाजवाल्यात जहाज मिळतं,
पण सतरा तास खेळल्यावर.

हिवराज म्हणतो, सतरा तासांत
राइस मिलवर दोनशे पोती भरून होतात.
मी म्हणते, म्हणूनच!
इतक्या उशिरा मिळालेल्या जहाजाची दोरी सोडताना
हात थरथरतो.
तुझं घुबड पहिल्याच घटकेला खांद्यावर बसतं,
जेवणाच्या वेळी आलेल्या पाहुण्यासारखं.

सेवा केंद्राचं शटर अर्धं पाडून
चुकीच्या छापलेल्या सातबाऱ्याच्या पाठीवर
आम्ही दोन रकाने आखले.
दुकानदारांत तो जिंकला:
त्याची सोनारीण उधार देते, मागत नाही,
फक्त लक्षात ठेवते.
राक्षसांत मी:
माझा खाडीच्या तळाशी झोपलेला,
त्याला उठवायचं नसतं
एवढं कळायलाच मला एक हिवाळा लागला.

लढाईच्या रकान्यात तो काही लिहीना.

घुबडवाल्यात लढाई डावाडावाची.
आधी तू, मग तो.
तलवार उगारलेला वैरी
तुझं ठरेस्तोवर तसाच उभा;
चहा पिऊन ये, लाइट जाऊन येऊ दे, उभाच.
जहाजवाल्यात कुणी कुणासाठी थांबत नाही.

आधी हिवराज तिथलाच राजा होता.
मंडईच्या नाटकात शिपाई व्हायचा,
तलवारीचा एक हात कधी चुकला नाही;
बटनांवरची बोटं तर दिसायचीसुद्धा नाहीत.

फाल्गुनात मिलच्या पट्ट्यात दोन बोटं गेली.
तेव्हापासून घुबडवाल्याची गोष्ट
त्याला फार खोल वाटते.
मी खोल नाही म्हणून भांडते.
भांडायचं सोडलं असतं
तर मला कळलंय हे त्याला कळलं असतं.

एकवीस हजार जमले. चौदा त्याचे, सात माझे.
हातात मावणारं यंत्र घेऊ, तो म्हणाला,
बॅटरीवर चालते, इथल्या लाइटचा काय भरोसा,
घुबडवाला त्यात आहेच.
मोठा डबा घेऊ, मी म्हणाले, टीव्हीला लागणारा.
हातातलं यंत्र ज्याच्या हातात त्याचं,
दुसऱ्यानं काय त्याच्या तोंडाकडं पाहत बसायचं?

साकोलीहून पहाटेची बस, दहाला सीताबर्डी.
दुकानातला पोरगा, कानात बाळी,
दोन्ही वस्तू काचेवर मांडून
फोनवर बोलत राहिला.
हिवराजनं मोठ्या डब्याचा कंट्रोलर उचलला,
उलटा केला, सुलटा केला,
उजव्या अंगाचं वरचं बटन पाहिलं.
जिथं बोट पोचायचं, तिथं हवा होती.

"काहून गा भाऊ," तो म्हणाला,
"हे इकडचं काम तिकडच्या बटनाले देता येते का?"

"सेटिंगमध्ये जा ना," पोरगा फोन न काढता बोलला,
"ज्याले पाहिजे त्याले द्या."

मी डब्यावर चिकटवलेली किंमत वाचत राहिले.
चार वेळा वाचली, चारही वेळा तेवढीच.

परतताना डबा त्याच्या मांडीवर.
लाखनीपर्यंत एक शब्द नाही.
मग म्हणाला, तुह्या जहाजाले सतरा तास ना,
मले पंचवीस लागतील.
मी म्हटलं, लागू दे,
तरी त्या घुबडापेक्षा बरं.
तो हसला. मग उरलेल्या वाटेवर
घुबडाची बाजू मांडत राहिला.

लाइट आली रात्री साडेअकराला.
पडद्यानं नाव विचारलं,
चौकटीत आठच इंग्रजी अक्षरं.
हिवराज पुरा मावला, वर एक घर रिकामं.
मी चित्ररेखा, माझा 'खा' बाहेर राहिला.
उरलं नुसतं 'चित्ररे',
जणू कुणी बांधावरून हाक मारली
आणि पुढचं विसरलं.

मी खोडायला गेले.
"राहू दे," तो म्हणाला,
डाव्या अंगठ्याला नवं काम नेमून देत,
"राहू दे गा. दाब."