थेंब मोजताना

नारिनच्या दवाखान्यात बुरुलकान आली
जिना चढतानाच धापा टाकत.
पापणी ओढून पाहिली,
आत नुसता बर्फ.
गोळ्या तिला लोखंडाचे चणे;
तीन महिने पोटानं परत पाठवल्या.

आता बाटलीत काळ्या चहाच्या रंगाचं लोह.
मी थेंब सावकाश सोडते.
ट्रेमध्ये ॲड्रेनलिन, हाताशी ऑक्सिजन,
आणि माझं तोंड विचारत राहतं :
छाती आवळते? खाज? सुईजवळ चुरचुरतं?

"नवरा घोड्यांना नाल ठोकतो," ती म्हणते.
"त्याला सांगू नकोस.
म्हणेल, तुलाही ठोकली."

बाटली संपते. ती बूट शोधते.
बस, अजून अर्धा तास.
बाहेर घोडा खूर आपटतो.
मी घड्याळाकडे कमी,
तिच्या ओठांकडे जास्त बघते.